गेटवर उभी गाडी : सांगली-मिरजेतल्या एका पेशंट-वाहतुकीचा हिशोब

तात्यांच्या नऊ गाड्या आहेत. सहा ईको, दोन ट्रॅव्हलर आणि चाकाची खुर्ची चढवायला मागून रॅम्प बसवलेली एक विंगर. सकाळी विशेष मुलांच्या शाळेची पोरं आणायची, संध्याकाळी घरी सोडायची. मधल्या वेळात मिरजेच्या दोन केंद्रांत डायलिसिसचे पेशंट न्यायचे-आणायचे. उरलेल्या फटीत फिजिओथेरपीला जाणारी म्हातारी माणसं. तात्या म्हणतात, "माझा धंदा वडापचा न्हाई ओ, पण ॲम्ब्युलन्सचाबी न्हाई."

जगात या मधल्या धंद्याला पॅराट्रान्झिट म्हणतात. आपल्याकडे वाहतूक शिकवणारे हाच शब्द रिक्षा, काळी-पिवळी, वडाप अशा सगळ्यांना लावतात. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका आहे. 1990 च्या अपंगत्व कायद्यामुळे तिथल्या बस चालवणाऱ्या संस्थांना, बसच्या वाटेपासून पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्या आणि बस वापरता न येणाऱ्या माणसांसाठी वेगळी गाडी द्यावीच लागते. भाडंही बसच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारचं अपंगत्व मानलं आणि त्यात प्रवासाच्या सोयींचं कलमही आहे, पण दारात गाडी आणून उभी करणारं कुणी नाही. ती जागा तात्यांसारखे लोक भरतात. पैसे देतात पालक, पेशंटचे नातेवाईक, नाहीतर एखादी संस्था महिन्याच्या ठरावावर.

तात्या इथे उदाहरणातले मालक आहेत. आकडेही मांडणीसाठी धरलेले आहेत, कुणाच्या वहीतून उतरवलेले नाहीत. ताळेबंद म्हणून वाचू नका. पैसा कुठून गळतो आणि कुठे अडवता येतो, एवढंच त्यातून बघायचं आहे.

महिन्याला नऊ गाड्या मिळून 18,700 किलोमीटर. किलोमीटरला साडेसहा रुपयांनी इंधन साधारण 1,21,500 रुपये. नऊ ड्रायव्हर 14,000 प्रमाणे 1,26,000. मुलांच्या गाड्यांवर तीन मदतनीस बाया, 27,000. स्कूल बसच्या 2011 च्या नियमावलीने मदतनीस लागतोच, आणि नियम नसता तरी या मुलांना लागलाच असता. चार गाड्यांचे हप्ते 44,000. विमा, टॅक्स, पासिंग मिळून महिन्याचा वाटा 31,500. मेंटेनन्स आणि टायर 31,500. ड्रायव्हर सुट्टीवर गेला की बदली माणूस, दिवसाला 700 प्रमाणे बारा दिवस, 8,400. ऑफिस, मोबाईल, गाड्या लावायची जागा 15,000. एकूण 4,04,900. महिन्यात 4,400 माणसं-फेऱ्या, म्हणजे एक माणूस एकदा नेऊन सोडायला 92 रुपये.

(हप्ता हा खर्च नव्हे, घसारा आणि व्याज हा खर्च, असं कॉमर्सचा कुठलाही मास्तर सांगेल. मीही सांगितलं. तात्यांचा महिना मात्र घसाऱ्याने संपत नाही, हप्त्याने संपतो. म्हणून हप्ताच धरला.)

शाळेने दर वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा तात्या एका सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या हाती लागले. त्याने लॅपटॉपवर नकाशा दाखवला, नऊ हिरवे ठिपके पळवून दाखवले आणि खर्च तीस टक्क्यांनी खाली येईल असं सांगितलं. गाडीला जीपीएसची डबी लावायची, मोबाईलवर ॲप घ्यायचं, झालं.

गंमत अशी की नऊपैकी पाच गाड्यांत डबी आधीपासूनच होती. प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना 2019 पासून एआयएस-140 मानकाचं लोकेशन यंत्र आणि धोक्याचं लाल बटण लागतं. त्याशिवाय पासिंग होत नाही, म्हणून ते बसवलेलं होतं. पासिंगच्या आधी रिचार्ज मारायचा, कागद घ्यायचा, की वर्षभर ती डबी सीटखाली गप्प. तिच्यातली माहिती कुठे जाते आणि आपल्याला बघता येते का, हे तात्यांनी कधी विचारलं नव्हतं. पाच गाड्यांतल्या आधीच्याच डब्यांची माहिती ॲपमध्ये आली, चार नव्या घ्याव्या लागल्या. गाडीमागे महिन्याला 250 रुपये.

पहिले तीन महिने एक रुपयाही वाचला नाही. वाचणार तरी कसा? मोबाईल दिवसभर वाजायचा. अमुक गाडी वेगात, तमुक गाडीने जोरात ब्रेक मारला, ही गाडी वीस मिनिटं उभी. चौथ्या दिवशी तात्यांनी आवाज बंद केला. ड्रायव्हर लोक वेगळेच बिथरले. "आमच्यावर पाळत ठेवली व्हय?" एका गाडीच्या इग्निशनची वायर वारंवार सुटायला लागली. ती वायर आपोआप सुटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, बोललं कुणी नाही.

ही वायर महत्त्वाची. डबीला मुख्य तीन तारा जातात: बॅटरीचा प्लस, अर्थ आणि इग्निशन. पहिल्या दोनवर गाडी कुठे आहे ते कळतं. तिसरी असली तरच गाडी उभी असताना इंजिन चालू होतं की बंद, हे कळतं. तिसऱ्या तारेविना रिपोर्टमध्ये 'थांबली' एवढंच दिसतं. पेट्रोल जाळत थांबली की किल्ली काढून थांबली, हे दिसत नाही.

मला बोलावलं ते इथे. तात्यांचा आरोप ठरलेला होता: "पोरं च्या पीत बसत्यात. मिरजेत गेली की दोन-दोन तास गाडी हालत न्हाई." रिपोर्ट त्यांच्या बाजूने बोलत होता. मिरजेतल्या एका केंद्राबाहेर रोज तीन-चार गाड्या तास-सव्वा तास उभ्या. मी म्हटलं, चहा पीत असतील तर गाडी टपरीशी दिसेल. मग दोन्ही केंद्रांच्या, शाळेच्या आणि रोजच्या चहाच्या टपरीच्या भोवती नकाशावर गोल आखले. गाडी गोलात शिरली कधी, बाहेर पडली कधी, याची नोंद आपोआप व्हायला लागली. सोबत ड्रायव्हरला एक कागद: ठरलेली वेळ, गेटवर पोहोचलो ती वेळ, पेशंट बसला ती वेळ. तीन आठवडे एवढंच केलं. कुणाला रागवायचं नाही, असं तात्यांकडून कबूल करून घेतलं होतं. ते त्यांनी बहुतेक पाळलं.

कागद आणि डबी जुळले. गाड्या टपरीवर नव्हत्या, गेटवरच होत्या. ड्रायव्हर ठरलेल्या वेळी पोहोचत होता. पेशंट तयार नव्हता.

डायलिसिस साधारण चार तास चालतं, आठवड्यातून दोन-तीनदा. दुपारच्या शिफ्टचा पेशंट बारा वाजता केंद्रात पोहोचतो, म्हणून ड्रायव्हरला चारला परत यायला सांगितलेलं. पण बाराला पोहोचणं आणि बाराला मशीनला लागणं यात फरक आहे. सकाळच्या शिफ्टचा माणूस उशिरा सुटतो, मग मशीन धुऊन निर्जंतुक होतं, मग नवीन लाईन लागते, वजन-बीपी होतं. प्रत्यक्षात सुई टोचते पावणेएकला. चार तासांनी, पावणेपाचला मशीन थांबतं. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं, बीपी पुन्हा बघायचं, चक्कर येत असेल तर पडून राहायचं. गेटवर पेशंट येतो सव्वापाचला. गाडी चारपासून उभी. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून उभी, कारण पेशंट आल्यावर गाडी तापलेली नको. ड्रायव्हरची ही काळजी खोटी नव्हती.

आता शाळेकडे बघा. शाळा सुटते चारला. चार ते साडेपाच या दीड तासात तात्यांच्या नऊच्या नऊ गाड्या बाहेर असायच्या, आणि त्यातल्या तीन मिरजेच्या गेटवर उभ्या. सकाळी अकराला विचारलं असतं तर चार गाड्या अंगणात रिकाम्या होत्या. किती गाड्या बाळगायच्या हे दिवसभराच्या कामावर ठरत नाही, त्या दीड तासावर ठरतं. नववी गाडी, तिचा हप्ता, विमा, पासिंग हे सगळं त्या गेटवरच्या थांबण्यासाठी पोसलं जात होतं. विक्रेत्याच्या रिपोर्टमध्ये या गोष्टीला रकाना नव्हता. त्याचा सगळा भर वेगावर, ब्रेकवर आणि डिझेलचोरीवर.

दुसरी गळती रिकाम्या फेऱ्यांची. 18,700 पैकी 7,300 किलोमीटर गाडीत ड्रायव्हरशिवाय कुणी नाही. कारण तात्यांकडे जुना रिवाज: ज्याचा पेशंट, त्याची गाडी. सांगलीहून माणूस घेऊन मिरजेला जायचं, रिकामं परत, चारला रिकामं पुन्हा मिरजेला. त्याच वेळी दुसरी गाडी सकाळच्या शिफ्टचा पेशंट आणायला रिकामी मिरजेला निघालेली. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेच्या आसपास तात्यांच्याच दोन गाड्या रिकाम्या एकमेकींसमोरून जायच्या आणि ड्रायव्हर एकमेकांना हात करायचे. हे नकाशावर मागे-पुढे करून पाहताना तात्या पहिल्यांदा गप्प झाले.

उपाय दोन केले, आणि दोन्हींत सॉफ्टवेअरचा वाटा तसा छोटा.

पहिला: केंद्रातल्या माणसाने सुई टोचली की एका नंबरवर पेशंटचा क्रमांक टाकून 'लावलं' एवढा मेसेज करायचा. त्यात चार तास आणि तीस मिनिटं मिळवली की परतीची वेळ बऱ्यापैकी कळते, तीही दुपारी एक वाजताच. शाळेच्या फेऱ्या त्याभोवती बसवता येतात. सुया काढल्या की एक मिस्ड कॉल. मिस्ड कॉल आला की नकाशा उघडून जवळची मोकळी गाडी पाठवायची. नकाशाचा खरा उपयोग इथे झाला, दिवसातून आठ-दहा वेळा, एकेका मिनिटापुरता.

दुसरा: आणणारी गाडी वेगळी, नेणारी वेगळी चालेल. बाराची शिफ्ट घेऊन आलेली गाडी सकाळच्या शिफ्टला घेऊनच परत फिरायची.

हा नंबर सांभाळायला माणूस लागला. तात्यांच्या वहिनी सकाळी अकरा ते सहा फोनपाशी बसायला लागल्या. मी त्यांचे 6,000 रुपये खर्चात धरले. तात्या म्हणाले, "घरचं माणूस हाय, तिला कसला पगार?" वहिनी आतून म्हणाल्या, "धरू द्या की त्यांना." धरले. तंत्रज्ञानाने इतके वाचले म्हणून छापणारे पुष्कळदा हीच ओळ विसरतात. ठिपक्यांकडे बघणारं कुणीतरी असावं लागतं, आणि त्याच्या वेळेला किंमत असते.

केंद्राच्या माणसाने मेसेज का करावा, हाही प्रश्न होता. त्याला यात काय मिळतं? पहिला आठवडा त्याने केलाच नाही. मग वहिनींनी स्वतः जाऊन सांगितलं की तुमच्या दारात आमच्या तीन गाड्या उभ्या राहून ॲम्ब्युलन्सची वाट अडते, ती मोकळी होईल. ते त्याला पटलं, कारण वॉचमनची रोजची कटकट त्यालाच ऐकावी लागायची.

पेशंटना मात्र दुसरा बदल रुचला नाही. तासगावकडच्या एका आजींना त्यांचाच ड्रायव्हर हवा, कारण तोच त्यांना पायरीवरून हाताला धरून बरोबर उतरवतो. डायलिसिसनंतर माणूस पिळून निघालेला असतो. त्या वेळी अनोळखी हात नको वाटतो. तडजोड अशी झाली की जाताना नेहमीचा ड्रायव्हर, येताना कुणीही. आणि सगळ्यांना दोन दिवस उतरवायची रीत दाखवली: फिस्टुलाच्या (डायलिसिसची सुई जिथे टोचतात त्या) हाताला धरायचं नाही, काखेत आधार द्यायचा. हे आधीच व्हायला हवं होतं.

मुलांच्या बाबतीत सॉफ्टवेअर साफ हरलं. त्याने एका गाडीची वाट बदलून रोजचे चार किलोमीटर वाचवून दाखवले. कागदावर बिनचूक. पण त्या गाडीत एक स्वमग्न मुलगा पहिला चढायचा आणि ड्रायव्हरच्या मागची सीट त्याची. नव्या वाटेत तो तिसरा चढला, सीटवर दुसरं कुणी. पोरगं चाळीस मिनिटं ओरडत राहिलं. मदतनीस बाईने संध्याकाळी सांगितलं, उद्या ही वाट असेल तर मी येत नाही. दुसऱ्या दिवशी जुनी वाट. ते चार किलोमीटर खर्चातच राहिले, आणि राहू द्यावेत असं माझं मत आहे.

ऊसही नकाशाला कळत नाही. कारखाने सुरू झाले की आष्टा आणि तासगावच्या रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर. एकाच्या मागे अडकलात की गेलाच वेळ. नोव्हेंबर ते मार्च या दोन रस्त्यांवर प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटं हाताने मिळवायची, असं वहिनींच्या तक्त्यावर लाल पेनाने लिहिलंय. तसंच पुराचं. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला पुन्हा धोका पातळी ओलांडून वर. सगळं शहर थांबलं तरी डायलिसिस थांबत नाही. म्हणून नियम असा की पातळी 40 ला टेकली की नदीपलीकडच्या सांगलीवाडीच्या पेशंटना पुलाच्या अलीकडे, विश्रामबागेत किंवा मिरजेत पाहुण्यांकडे आणून ठेवायचं. त्यासाठी ॲप लागत नाही, नातेवाईकांचे नंबर लागतात.

सहा महिन्यांनी पुन्हा हिशोब मांडला. रिकामे किलोमीटर 7,300 वरून 5,200. म्हणजे 2,100 किलोमीटर कमी, साधारण 13,650 रुपये. उभ्या गाडीत इंजिन चालू राहण्याचे महिन्याचे 260 तास होते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरलं तर सोळा हजारांच्या आसपास जळत होते. त्यातले 8,850 वाचले. बाकीचा एसी चालूच आहे, आणि मे महिन्यात तो बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. इंधनात एकूण 22,500.

नववी गाडी विकली. आलेल्या पैशात तिचं कर्ज फिटलं. हप्ता 11,000, विमा-पासिंग 3,500, मेंटेनन्स 3,000, मिळून 17,500. तिच्यावरचा ड्रायव्हर हा तात्यांकडचा सगळ्यात जुना माणूस, सगळे त्याला मामा म्हणतात. त्याला काढलं नाही. तो आता सुट्टीवर गेलेल्याच्या जागी बसतो, त्यामुळे बाहेरच्या बदलीचे 8,400 बंद झाले. गाडी आणि बदली मिळून 25,900, इंधनापेक्षा जास्त. आठ डब्यांचे 2,000 आणि वहिनींचे 6,000 वजा करा. महिन्याला 40,400 उरतात. एकूण खर्च 3,64,500, फेरी पडते 83 रुपयांना.

म्हणजे दहा टक्के. तीस नव्हे. विक्रेत्याचा तीसचा आकडा आला कुठून, याचा अंदाज आहे. तिकडे अमेरिकेत या धंद्यात ड्रायव्हरचा तास महाग. तासाला दोन प्रवासी नेले तरी बरं म्हणतात, त्यामुळे गाडीचे तास वाचवले की खर्च झपकन खाली येतो. आपल्याकडे ड्रायव्हरचा महिना बांधलेला, तास वाचला म्हणून पगार कमी होत नाही. इथे वाचतं ते इंधन, आणि एखादी अख्खी गाडी कमी झाली तरच मोठं काही. अर्धी गाडी विकता येत नाही. आठाची पुन्हा सात होईल असं मला दिसत नाही, शाळेच्या फेऱ्यांना तेवढ्या लागतातच.

इंधन मोजायचा सेन्सर घ्यायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. मी नको म्हटलं. खड्ड्यात टाकी हलली की त्याचा आकडा हलतो, आणि तो आकडा घेऊन ड्रायव्हरशी भांडण करण्यात अर्थ नाही. दर सोमवारी टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, भागायचं. ॲव्हरेज कळतं.

लाईव्ह लिंकचा एक घोळ झाला. नातेवाईकांना गाडी कुठे आहे ते दिसावं म्हणून तात्यांनी लिंक सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात गाडी कुठल्या घरासमोर थांबली तेही दिसायचं. एका गृहस्थांनी डायलिसिसचं शेजाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांचा मुलगा येऊन भांडून गेला, आणि त्याचं बरोबर होतं. आता ज्याची फेरी त्यालाच लिंक, आणि पेशंट उतरला की ती बंद.

राहिली विंगर. तिची फेरी बाकीच्यांच्या दुपटीहून महाग पडते, आणि ॲप तिला रोज लाल रंगात दाखवायचं: सर्वांत जास्त वेळ थांबणारी गाडी. रॅम्प खाली करायचा, खुर्ची चढवायची, चाकांना ब्रेक लावून चार पट्ट्यांनी खुर्ची जमिनीला आवळायची, माणसाला वेगळा पट्टा लावायचा. नऊ-दहा मिनिटं लागतात आणि लागायलाच हवीत. तात्या म्हणाले, "हिलाच इकून टाकू काय?" त्या गाडीतल्या सहा माणसांना दुसरी कुठली गाडी चालत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. फक्त तिच्यासाठी थांबायची मर्यादा पाचवरून बारा मिनिटं केली. लाल रंग गेला.

जूनमध्ये शाळेत आठ नवीन मुलं आली. तीन हरिपूर रस्त्याची, दोन पार कुपवाडची. परवा तात्यांचा फोन: "साहेब, नववी गाडी परत घ्यावी म्हणतोय." मी मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या दुपारच्या शिफ्टच्या 'लावलं'च्या वेळा मागवल्या आहेत. वहिनी उद्या पाठवतो म्हणाल्यात.